न खरवडलेला रुपया

अब्बांच्या नाण्यांच्या डब्यात राजांना कवडीची किंमत नव्हती. नाण्यांवर राजे होते, दाढीवाले, मुकुटवाले, एक बाईमाणूसही होती, पण अब्बांना त्यांच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. प्रत्येक नाणं त्यांनी लेदरॉइड कागदाच्या तुकड्यात गुंडाळलेलं असायचं. मोटारीच्या खाचांमध्ये तारेखाली घालतात ना, तो मातकट जाड कागद. वरून वायंडिंगची दोरी बांधलेली आणि पेन्सिलीनं लिहिलेलं, 'कवलापूरचा दत्तू, भिंत पाडताना', 'विट्याची मावशी, नातू झाला तेव्हा', 'बेडगचे दोघे भाऊ, वाटणी मोडली तेव्हा'. कुठल्या साली कुठल्या टांकसाळीत पडलं हे अब्बांना विचारलं तर ते म्हणायचे, "त्ये नाण्याला ठावं. मला कुणी दिलं त्ये ठावं हाय." संग्रह म्हणतात तो हा. असला संग्रह करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी पाहीन असंही वाटत नाही.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. मध्ये एक गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं वार्निशचा वास, पलीकडं अम्मीच्या फोडणीचा, आणि दोन्हींवर यार्डातून येणारी हळद. हंगामात हळद इतकी उडायची की वाळत घातलेली पांढरी ओढणी संध्याकाळी पिवळसर व्हायची. मैत्रिणी म्हणायच्या, शमीच्या घरी रोज कुणाचं तरी लग्न असतं वाटतं. दिवसभर तार गुंडाळायच्या यंत्राची कुरकुर, अब्बांची लाकडी हातोडी कॉइलवर ठकठक, आणि मधूनच मोटार चालू झाल्याचा तो घूं असा आवाज. तो आवाज आला की अम्मी आतून भाकरी थापता थापता म्हणायची, "झाली बरी." जणू कुणाचा ताप उतरला.

मी तीन बहिणींत धाकटी आणि सगळ्यांत आगाऊ. थोरल्या दोघींना पडद्याच्या आतला स्वैपाक आवडायचा, मला पडद्याच्या बाहेरचं दुकान. सातवीत असताना मी पहिली कॉइल गुंडाळली. त्या धंद्यातला पहिला नियम अब्बांनी माझ्या डोक्यात इतका ठोकून बसवला होता की झोपेत विचारलं तरी सांगितला असता. तांब्याच्या तारेवर मुलामा असतो, डोळ्यांना दिसत नाही. तो पॉलिश पेपरनं खरवडल्याशिवाय तारेला तार लावायची नाही आणि मीटरची पिन टेकवायची नाही. नाहीतर मीटर खोटं बोलतं. "आदी खरवड, मग इचार," अब्बा म्हणायचे. पुढचं सगळं रामायण याच चांगल्या शिकवणीतून घडलं, हे सांगायला मला आजही कसंतरी होतं.

डब्यात अगदी तळाला, इतर पुड्यांपासून वेगळी, एक पुडी होती. तिच्यावर फक्त 'हवालदार' एवढंच लिहिलेलं. हे हवालदारकाका शिराळ्याच्या अलीकडच्या एका गावचे. पलटणीतून निवृत्त होऊन ऊसशेती करणारे, उंच, मिशाळ, चालताना अजूनही हात ठरावीक अंतरावर हलवणारे. त्यांच्या विहिरीवरची मोटार एका उन्हाळ्यात जळली. ऊस उभ्याउभ्या वाळत होता आणि घरात त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती. अब्बा ती मोटार दुकानात आणण्यात वेळ जायला नको म्हणून सामान घेऊन त्यांच्या विहिरीवरच जाऊन बसले. दोन दिवस तिथंच बांधत होते. म्हातारी आतून सारखी विचारायची, "मोटार चालू झाली का रं?" तिसऱ्या दिवशी दुपारी पाटात पाणी पडल्याचा आवाज तिनं ऐकला आणि संध्याकाळी ती गेली. दिवस उरकल्यावर काका सांगलीला आले आणि त्यांनी अब्बांच्या हातात एक चांदीचा रुपया ठेवला. त्यांच्या वडिलांनी पलटणीतून सुट्टीवर येताना बायकोसाठी आणलेला. त्या बाईनं तो जन्मभर लक्ष्मीपूजनाला पुजला होता. हळद, कुंकू, तेल आणि समईची काजळी बसून तो काळपट तांबूस झाला होता, राजाचं नाक तेवढं दिसायचं. अब्बांनी नको नको म्हटलं. काका म्हणाले, "आईनं तुमाला दिलाय, मी न्हाई. तिला न्हाई म्हनायचं आसंल तर वर जाऊन म्हना."

तेव्हापासून काका म्हणजे घरचेच. गुऱ्हाळ सुरू झालं की काकवीची किटली आणायचे, सुगीत शेंगांचं पोतं. अम्मी त्यांच्यासाठी शेंगांच्या पोळ्या करायची, त्यावर तूप सोडायची, आणि ते पाटावर ताठ बसून सात-आठ पोळ्या गंभीरपणे खायचे. ईदला शीरखुर्म्याचा पहिला वाडगा त्यांचा. एकदा यायला उशीर झाला तर अम्मीनं आम्हाला तोंडच लावू दिलं नाही. थोरली चिडून म्हणाली, "चाँद दिसला तरी पुरत नाही, आता हवालदार दिसले पाहिजेत."

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेले त्या पावसाळ्यात दुकानात एक गृहस्थ आले. पाण्याचा पंप दुरुस्तीला टाकायला आले होते, पण त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता आणि अब्बांच्या डब्याबद्दल त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. अब्बांनी हौसेनं डबा उघडला. गृहस्थ एकेक पुडी सोडत, भिंग लावत, बरं आहे, ठीक आहे म्हणत गेले. हवालदारकाकांचा रुपया हातात आल्यावर त्यांनी तो बोटाच्या टोकावर तोलला आणि दुसऱ्या नाण्यानं टिचकी मारली. बाकीची नाणी टिण्ण वाजली होती. हा थप्प वाजला. "मिस्त्री, हे जर्मन सिल्व्हर दिसतंय. फसवलं तुम्हाला कुणीतरी," असं म्हणून त्यांनी तो बाजूला सारला, पंपाची पावती घेतली आणि गेले. त्यांना आम्ही पुन्हा कधी पाहिलं नाही. अशी माणसं दगड टाकून जातात आणि पाणी किती वेळ हलतं ते बघायला थांबत नाहीत.

दोन दिवस अब्बांचं कामात लक्ष नव्हतं. कॉलेजात आम्हाला नुकताच विद्युतरोध शिकवला होता. चांदीचा रोध सगळ्यांत कमी, जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रणाचा, तिच्या पंधरा-वीस पट. मी म्हटलं, अब्बा, यात काय आहे, मीटर आहे की आपलं. मोजून टाकू. अब्बांनी डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

मी कामाला लागले. नियमाप्रमाणं पहिल्यांदा पॉलिश पेपर घेतला आणि प्रत्येक नाण्याच्या दोन कडा लख्ख खरवडल्या. आज हे कुठल्याही नाणेवाल्याला सांगा, छातीवर हात ठेवून खाली बसेल. जुन्या नाण्याचा रंग हाच त्याचा जीव, तो घालवला की नाणं मेलं. मला काय माहीत? मला मुलामा दिसत होता. दत्तूचं, मावशीचं, दोघा भावांचं, सगळ्यांची हजामत केली. शेवटी हवालदारकाकांच्या रुपयाला कागद लावणार तोच अब्बांनी माझा हात धरला. "ह्येला नको. ह्येच्यावर म्हातारीचं हळदकुकू हाय." मी म्हटलं, बरं, तसंच मोजते. पिना टेकवल्या. बाकी सगळ्या नाण्यांवर मीटरचा काटा सरळ शून्यावर गेला होता. या रुपयावर तो मध्येच अडखळला आणि तिथंच थरथरत राहिला. मी तीनदा मोजलं, पिना दाबून मोजलं. काटा काही शून्यावर जाईना.

"खोटा आहे अब्बा," मी म्हटलं. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला मोठा आनंद झाला होता. पुस्तकातली गोष्ट आपल्या दुकानात खरी ठरली याचा आनंद. एकोणीस वर्षांच्या शहाण्या मुलीसारखं धोकादायक जनावर दुसरं नाही.

अब्बांनी ही गोष्ट गिळून टाकली असती. त्यांनी पुडी पुन्हा बांधली आणि मला म्हणाले, कुठं बोलू नको. पण पुढच्याच आठवड्यात काका आले. अब्बा वखारीत गेले होते. मी काकांना पाणी दिलं, ते नेहमीसारखं म्हणाले, "काय म्हनतंय कालेज? काय शिकीवत्यात?" आणि माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. मी सगळं सांगितलं. रोध म्हणजे काय, काटा कसा जातो, कुठं थांबला. "काका, तुम्हाला वाईट वाटून घेऊ नका, पण तो रुपया चांदीचा नाही."

काका ऐकत होते. चेहऱ्यावर काही हललं नाही. इतकंच विचारलं, "मिस्त्रींना ठावं हाय?" मी म्हटलं, "त्यांच्यासमोरच मोजला." त्यांनी मान हलवली, माझ्याकडून रुपया मागून घेतला, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि उठले. अम्मी पडद्यातून म्हणाली, "भाऊ, पोळ्या टाकतेय, बसा." ते म्हणाले, "आज न्हाई वैनी." गोणपाटाला हात जोडून नमस्कार केला आणि गेले. वैनी त्या वेळेपर्यंत ते अम्मीला कधी म्हणाले नव्हते, तिला ते बहीणच म्हणत.

त्या वर्षी काकवी आली नाही. शेंगा आल्या नाहीत. ईदला अम्मीनं वाडगा बाजूला काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच रडत रडत खाल्ला. कुणीतरी सांगितलं की काकांची मोटार पुन्हा जळाली होती आणि त्यांनी ती दुसरीकडं बांधून घेतली. हे ऐकलं त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. मला ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हातोडी ठकठकवत राहायचे आणि मला वाटायचं, ही आपल्या डोक्यात बसावी.

फेब्रुवारीत प्रयोगशाळेत आम्हाला मोहिते मॅडम अगदी लहान रोध मोजायला शिकवत होत्या. एका तांब्याच्या जाड पट्टीला त्यांनी दोन नाही, चार तारा लावल्या. बाहेरच्या दोन तारांतून करंट सोडायचा, आतल्या दोन तारांनी फक्त बघायचं. मी विचारलं, दोन तारांनी का भागत नाही? त्या म्हणाल्या, "कारण मग तू पट्टी मोजत नाहीस. तारा मोजतेस, आणि पिन टेकते तिथला मळ मोजतेस. पट्टीचा रोध त्याच्यापुढं किस झाड की पत्ती." तास संपेपर्यंत मी उभी होते की बसले होते ते आठवत नाही. मी रुपया मोजलाच नव्हता. मी एका बाईची जन्मभराची हळद आणि काजळी मोजली होती, आणि तिला खोटी म्हटलं होतं. बाकीची नाणी शून्यावर गेली कारण ती मी खरवडली होती. ती तरी खरी कशावरून? त्या मीटरवर लोखंडी खिळासुद्धा शून्यावर गेला असता.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "नाणं घेऊन ये. आणि नाण्याच्या मालकालाही."

घरी येऊन अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली. मग एक बेकेलाइटचा ठोकळा घेतला, त्यात रुपयाएवढा खळगा केला, आणि खळग्याच्या कडेला चार पितळी टोकं बसवली, स्प्रिंगवर. दोन करंटची, दोन बघायची. नाणं ठेवलं की जागचं हलणार नाही आणि त्याला ओरखडा पडणार नाही. दिवसभर ते त्या टोकांना कानस मारत होते. मग म्हणाले, "उद्या जाऊ."

काकांच्या गावाला आम्ही एस.टी.नं गेलो. काका गोठ्यापाशी वैरण तोडत होते. आम्हाला बघून त्यांनी विळा ठेवला, खाट टाकली, काकूंना चहा ठेवायला सांगितला. सगळं रीतीनं. मी त्यांच्या पायापाशी बसून चार तारा समजावून सांगितल्या आणि माफी मागितली. म्हटलं, काका, एकदा फक्त रुपया घेऊन या, हळद न पुसता मोजते.

"मला न्हाई मोजायचा," काका म्हणाले. "खरा निगाला तर तुमच्यात ऱ्हायचा आन खोटा निगाला तर माज्यात? आसं असतंय व्हय? आईनं दिलाय त्यो. तिला इचारायला आता कोन जातंय." मग अब्बांकडं न बघता म्हणाले, "मिस्त्री, तुमी बोल्ला आसता, तर मी म्हनलो आसतो, आसंल बाबा खोटा. पर तुमी पोरीला मोजाय लावलासा, आन मला सांगितलं न्हाईसा."

अब्बा मान खाली घालून बसले होते. त्यांना मी असं बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं, गिऱ्हाईकांपुढं नाही की नमाजाला बसतानाही नाही. ते म्हणाले, "हवालदार, पोरीची चूक पुस्तकातली हाय, ती पुस्तक वाचून सुटंल. माझी तशी न्हाई. त्या मानसानं टिचकी मारली आन मला शक आला. तुमच्या आईच्या वस्तूचा शक. पोरीच्या हातात डबा दिला तवाच मी त्याला खोटं म्हनून बसलो हुतो. मीटरनं नंतर म्हनलं." एवढं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती. "मोजायचं न्हाई तर नका मोजू. मला बी आता मोजायचं न्हाई. मी एवढंच बोलाय आलतो."

चहा निवून गेला. शेवटी काकूच बोलल्या. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. "आवं, मोजून घ्या की. पोर येवढी लांबनं आलीया. तुमाला नसंल ऐकायचं तर मला हाय. सासूबाईंनी माज्याकडनं पंचवीस वरसं त्येच्यावर हळद वाहून घेतलीया. मला कळू दे ना काय पुजत हुतो." काका उठून आत गेले आणि टोपी घालून आले.

प्रयोगशाळेच्या दाराशी काकांनी वहाणा काढल्या. मॅडम म्हणाल्या, राहू द्या, तरी काढल्या. काकूंनीही काढल्या, मग अब्बांनी. खिडक्यांचे पडदे ओढून खोलीत अंधार केला होता, कारण ते मीटर आरशाचं होतं. आत एक इवलासा आरसा, त्याच्यावरून प्रकाशाचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर पडायचा. नखाएवढा करंट असला तरी ठिपका सरकायचा. आधी मॅडमनी रुपयाच्या आकाराची जर्मन सिल्व्हरची चकती ठोकळ्यात ठेवली. ठिपका पट्टी ओलांडून पार भिंतीच्या कोपऱ्यात गेला. मग एका सराफाकडून आणलेला खात्रीचा चांदीचा रुपया ठेवला. ठिपका चार बोटं सरकून थांबला. मग काकांनी खिशातून पुडी काढली आणि रुपया स्वतःच्या हातानं खळग्यात ठेवला. हळद-कुंकवासकट.

मी बटण दाबलं. ठिपका हलला, चार बोटं गेला, किंचित पुढं डुलला आणि थांबला.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मॅडमनी पडदे उघडले आणि भिंग घेऊन रुपयाची कड पाहिली. "हे बघा, इथं बारीक चीर आहे. कधीतरी इथं कडी झाळलेली असणार, ती उपटली गेलीय. म्हणून वाजताना बद्द वाजतो. चांदी चांगली आहे." काका भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग एकदम त्यांच्या मिशा हलल्या. "आरं तिच्या मारी. त्यो माज्याच गळ्यात हुता की. पाच-सा वरसाचा आसंन. चिंचंवर चडलो, फांदीत आडकला, कडी तुटली. आईनं चिंचंच्याच फोकानं हानला हुता." आणि हसता हसता तो उंच हवालदार प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून रडायला लागला. अब्बांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग दोघेही रडले. मी पाठ फिरवून उगीचच तारा गुंडाळत बसले.

रुपया त्यांनी अब्बांना परत दिला नाही. सगळं गोड झालं असं लिहायचा मोह होतोय, पण तसं झालं नाही. कॉलेजच्या पायऱ्यांवर काका म्हणाले, "मिस्त्री, आता ह्यो माज्यातच ऱ्हाऊ द्या. लक्ष्मीपूजनाला तुमी येत जा. दिलाय तुमालाच. ठेवायला तेवडा माज्यात." अब्बा म्हणाले, "व्हय." मला तेव्हा वाटलं, अजून काकांचा विश्वास बसला नाही. आज वाटतं, एकदा तडा गेलेली वस्तू कशी धरायची ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

अब्बा दर वर्षी गेले. सकाळच्या एस.टी.नं जायचे, रुपया काकांच्या हातून घेऊन पाटावर ठेवायचे, पूजा चालू असताना ओसरीवर बसायचे, पुरणपोळी खाऊन यायचे. येताना काकवीची किटली. पुढं मी शिक्षिका झाले, शाळेत पोरांना चार तारा शिकवल्या, आणि कुणी पोरगं पॉलिश पेपर हातात घेऊन नाण्याकडं वळलं की त्याचा हात धरत आले.

अब्बा चार वर्षांपूर्वी गेले. त्या दिवाळीत काकांचा फोन आला. नव्वदीकडं झुकलेले, नातवाच्या मोबाइलवरून बोलत होते, ओरडून. "शमे, पूजंला मिस्त्रीच्या जागंचं काय करायचं?"

मी गेले. काकांना तोवर दिसेनासं झालं होतं. पूजेच्या पाटाशी त्यांनी चाचपडत माझा हात धरला, तळवा वर केला आणि त्यात रुपया ठेवला. तो तसाच होता, आणखी काळा झालेला. मी म्हटलं, "काका, मी नको. मीच त्याला खोटं म्हटलं होतं."

"म्हनून तर," ते म्हणाले. "ठेव."